पाहुणे जातात, धूर मागे राहतो
पाण्यातल्या व्हेनिस शहराची आणि त्याच्या दारात आलेल्या जहाजांची हकिकत

वाचकहो, गावात जत्रा भरली की काय होते, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. दोन दिवस घरे पाहुण्यांनी भरतात, पाळणे फिरतात, दुकानदाराच्या गल्ल्यात चार पैसे पडतात. तिसऱ्या दिवशी मंडळी आपापल्या वाटेने जातात आणि मागे उरतात खरकट्या पत्रावळी, विहिरीकाठची घाण आणि लहान मुलांची हगवण. ती निस्तरायची गावानेच.

आता अशी कल्पना करा, की ही जत्रा उन्हाळाभर आठवड्यातून कित्येकदा येते. ती एका प्रचंड जहाजात बसून येते, आणि तिच्या भटारखान्याचा व इंजिनांचा धूर गावाच्या छपरांवरून दिवसभर तरंगत राहतो. इटली देशातल्या व्हेनिस शहराने हे वर्षानुवर्षे सोसले, मग त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि शेवटी काही अंशी सुटकाही करून घेतली. चला, आज आपण त्या गावाला जाऊन येऊ.

पाण्यातले गाव

व्हेनिसला जायचे तर मेस्त्रे नावाच्या स्टेशनावरून आगगाडी पकडावी. मेस्त्रे हे आपल्यासारखेच जमिनीवरचे गाव. तिथून गाडी सुटली, की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसू लागते आणि गाडी सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या पुलावरून चालू लागते. हा पूल १८४६ साली वाहतुकीला खुला झाला. त्याआधी व्हेनिसला जायचे तर नावेवाचून गत्यंतर नव्हते.

शेवटच्या स्टेशनावर उतरून बाहेर या. पायऱ्या उतरल्या की समोर कालवा. टांगा नाही, रिक्षा नाही, मोटार नाही. भाजी नावेतून येते, विटा-वाळू नावेतून येते, दवाखान्याची गाडी म्हणजे नाव, कचऱ्याची गाडी म्हणजे नाव, आणि माणूस गेले तर त्याची शेवटची यात्राही नावेतूनच निघते. सव्वाशेच्या आत-बाहेर लहान लहान बेटे, त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल आणि मधून वाहणारे कालवे, असे हे शहर आहे.

हे पाणी म्हणजे भर समुद्र नव्हे. समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये अडलेले हे उथळ, खारे पाणी आहे. त्याला लगून म्हणतात. आपल्या कोकणातली खाडी आणि खाजण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. विस्तार साधारण साडेपाचशे चौरस किलोमीटर, पण खोली इतकी कमी, की पुष्कळ ठिकाणी माणूस कंबरभर पाण्यात उभा राहू शकतो. समुद्राकडून आत यायला तीनच तोंडे आहेत. भरतीचे पाणी त्यांतून आत येते, ओहोटीला बाहेर जाते आणि शहराची घाण धुऊन नेते.

या चिखलात लाखो लाकडी खांब ठोकून त्यांवर दगडी वाडे आणि देवळे उभी केली आहेत. लाकूड कुजत कसे नाही, असे तुम्ही विचाराल. चिखलाखाली हवा पोचत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया फार मंद चालते. विहिरीच्या तळाशी घातलेले उंबराचे लाकूड कैक वर्षे टिकते, हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिले असेल. तसेच हे.

शेतकऱ्याला एक गोष्ट मात्र नवलाची वाटेल. नदीने गाळ आणून टाकला, की आपण आनंदतो. व्हेनिसला तोच गाळ वैरी वाटे. गाळ साचत गेला असता तर लगूनची जमीन झाली असती, गलबतांची वाट बुजली असती आणि शत्रू पायी चालत आला असता. म्हणून तिथल्या राज्यकर्त्यांनी ब्रेंता, पियावे यांसारख्या नद्यांची तोंडेच वळवून लगूनच्या बाहेर समुद्रात सोडली. हे काम पिढ्यान् पिढ्या चालले. १५०१ साली तर पाण्याचा कारभार पाहणारे स्वतंत्र खातेच तिथे स्थापन झाले. आपले पोट पाण्यावर आहे, तेव्हा पाण्याची देखभाल आपणच केली पाहिजे, ही जाण त्या लोकांना पाचशे वर्षांपूर्वी होती.

आता जरा रियाल्तोच्या बाजारात चला. हा इथला जुना भाजी-मासळी बाजार. वसंत ऋतूत आलात तर जांभळ्या रंगाचे, कमळाच्या कळीसारखे एक बोंड ढिगाने मांडलेले दिसेल. त्याला आर्टिचोक म्हणतात. ते आपल्या करडईच्या कुळातलेच काटेरी झाड. ते येते शेजारच्या संत-एरास्मो बेटावरून. या बेटावर शेते आहेत, भाजीचे मळे आहेत, आणि जमिनीत खारटपणा आहे. त्या खारटपणामुळेच बोंडाला चव येते, असे तिथले शेतकरी सांगतात. झाडाला आलेले शेंड्याचे पहिले बोंड ते कोवळेपणीच कापून घेतात, म्हणजे बाजूला फुटवे येऊन पुढची बोंडे जास्त धरतात. पहिल्या बोंडाला भाव चांगला मिळतो. शेंडा खुडण्याची युक्ती जगभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे म्हणायची!

ही शेते, ही मासळी, हे दगडी वाडे, सारे त्या उथळ पाण्याच्या जिवावर आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे चलू या.

चाळीस दिवसांचा नियम

व्हेनिस हे मोठे व्यापारी बंदर. पूर्वेकडचे मिरे, मसाले, रेशीम येथून युरोपभर जात असे. पण जहाजातून मिऱ्यांबरोबर आणखीही काही येई. ते म्हणजे प्लेग. त्याला तोंड देण्यासाठी या शहराने १४२३ साली लगूनमधल्या एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. १४६८ साली दुसऱ्या एका बेटावर संशयित जहाजांतील माणसे आणि माल अडवून ठेवण्याची व्यवस्था केली. मुक्काम चाळीस दिवसांचा. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. २०२० साली करोनाच्या दिवसांत आपल्या गावच्या शाळेच्या दारावर जो शब्द लिहिला होता, तो असा व्हेनिसहून आलेला आहे.

इतकी काळजी घेऊनही १६३०-३१ सालच्या प्लेगात शहरातली साधारण तिसरा हिस्सा माणसे गेली. तेव्हा लोकांनी नवस बोलला आणि साथ ओसरल्यावर कालव्याच्या तोंडाशी एक भव्य घुमटाचे देऊळ बांधले. त्याचे नाव ‘सालुते’. सालुते म्हणजे आरोग्य. आरोग्यमातेचेच देऊळ म्हणा ना. आजही दर वर्षी २१ नोव्हेंबरला गावकरी तिथे मेणबत्त्या लावायला जातात.

या गोष्टीचा आपल्याशी एक जुना संबंध आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग फुटला. बंदरातून तो जगभर जाईल, या धास्तीने अनेक देशांचे प्रतिनिधी १८९७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र जमले. जागा कोणती? व्हेनिस! मुंबईच्या प्लेगला समुद्रात कसे अडवायचे, याची बोलणी तिथे चालली होती, आणि इकडे १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या.

जहाज आणि रोग यांची सोबत आजही सुटलेली नाही. २०२०च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे पर्यटकांचे जहाज अडवून ठेवले होते. त्यावरच्या ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना करोनाची लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, आणि त्यांपैकी १३२ जण नोकरीवर होते. एका छपराखाली हजारो माणसे, एकच स्वयंपाकघर, एकच हवा फिरवणारी यंत्रे. अशा ठिकाणी साथ वणव्यासारखी पसरते.

पण साथीचा रोग निदान डोळ्यांना दिसतो. माणूस तापाने फणफणतो, डॉक्टर धावतात, बंदर बंद होते. धुराचे तसे नाही. तो हळूहळू आपले काम करतो.

तरंगते नगर

पर्यटकांचे मोठे जहाज म्हणजे काय, ते आता पाहा. त्याची लांबी पाव किलोमीटरहून अधिक असते, काहींची तर तीनशे मीटरांहूनही जास्त. उंची पंधरा मजली इमारतीएवढी. आत अडीच-तीन हजार ते पाच हजार प्रवासी, आणि त्यांच्या दिमतीला हजार-दीड हजार नोकर. पोहण्याचे तलाव, नाटकगृह, दुकाने, धोबीखाना, सारे आत. आपल्याकडचे तालुक्याचे लहानसे गाव उचलून पाण्यावर ठेवावे, तसा प्रकार.

ही जहाजे लिदोच्या तोंडातून लगूनमध्ये शिरत, संत मार्कच्या चौकासमोरून, त्या सालुते देवळाच्या दारावरून ज्युदेक्का नावाच्या कालव्यात येत आणि शहराच्या पश्चिम टोकाला नांगरून पडत. संत मार्कचा चौक सुमारे पावणेदोनशे मीटर लांब. जहाज त्याहूनही लांब. गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला वाटे, की घरांच्या मागून एक डोंगर सरकत चालला आहे. २०१३च्या सुमारास वर्षाकाठी अठरा लाखांच्या आसपास प्रवासी अशा जहाजांतून येत. शहराच्या जुन्या भागाची वस्ती तेव्हा साठ हजारांच्या आत आलेली होती.

धक्क्याला लागले तरी जहाज शांत बसत नाही. चालवणारी इंजिने थांबतात, पण दिवे, पंखे, गारव्याची यंत्रे, भटारखाना, धोबीखाना यांना वीज लागते. ती वीज जहाजावरची जनित्रे तेल जाळून तयार करतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गावाच्या उशाशी.

तेल कसले, हेही कळले पाहिजे. जहाजांवर पूर्वापार जाळले जाते ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणारे, डांबरासारखे दाट तेल. त्यात गंधक भरपूर. तुमच्या ट्रॅक्टरला मिळणाऱ्या डिझेलमध्ये १ एप्रिल २०२० पासून एका टनामागे फार तर दहा ग्रॅम गंधक चालते. खुल्या समुद्रावरच्या जहाजी तेलात २०१९ अखेरपर्यंत टनामागे पस्तीस किलोपर्यंत गंधकाला परवानगी होती. १ जानेवारी २०२० पासून ती पाच किलोवर आणली. युरोपच्या बंदरात नांगरलेल्या जहाजांना २०१० पासून एक किलोची मर्यादा आहे, आणि १ मे २०२५ पासून सगळ्या भूमध्य समुद्रातच ती लागू झाली. सुधारणा झाली हे खरे. तरी हिशेब करा, एक किलो म्हणजेसुद्धा तुमच्या डिझेलच्या शंभर पट.

गंधक तुम्हांला परके नाही. द्राक्षावरच्या भुरीला आपण ते मारतो. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथे उभे राहिले की घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येते. जहाजाच्या धुराड्यातून निघतो तो हाच वायू. त्याच्याबरोबर नायट्रोजनचे वायू आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण माणसाच्या केसाच्या तिसाव्या भागाहूनही बारीक. नाकात अडकत नाहीत, खोकल्याने पडत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. दम्याच्या मुलाला धाप लागते, म्हाताऱ्या माणसाचे हृदय थकते. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्या आयाबहिणींच्या खोकल्यावरून धूर काय करतो ते आपल्याला कळते. त्याला पुस्तक वाचावे लागत नाही.

दगडही या धुरातून सुटत नाही. संगमरवर आणि चुनखडी यांच्यावर गंधकाचे आम्ल बसले, की वरच्या थराचा जिप्सम होतो. तोच जिप्सम, जो आपण चोपण जमिनीत टाकतो. शेतात तो औषध आहे, पण देवळाच्या मूर्तीवर तो काळी खपली धरतो आणि खपलीबरोबर नाक-डोळे गळून पडतात.

धूर कमी दाखवण्याची एक युक्तीही निघाली आहे. धुराड्यातच पाण्याचे फवारे मारून धूर धुवायचा. हवा थोडी स्वच्छ होते, पण पुष्कळ जहाजांवर ते आंबट, काजळलेले पाणी तसेच समुद्रात सोडतात. आपले अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, अशातला प्रकार.

पाण्याबद्दल मात्र खरे तेच सांगितले पाहिजे. व्हेनिसच्या पायऱ्या आणि भिंती लाटांनी झिजतात, त्यात लहान मोटारनावांचा वाटा फार मोठा आहे. सगळा दोष मोठ्या जहाजांच्या माथी मारून चालणार नाही. पण मोठ्या जहाजाला खोल वाट लागते. तेलवाहू जहाजांसाठी १९६०च्या दशकात लगूनमधून असा एक खोल कालवा खणला गेला. शेतात एकदा घळ पडली, की आजूबाजूची माती ओढून नेते, तसे त्या कालव्याने केले. मोठे जहाज गेले की पाणी आधी ओढले जाते, मग उसळते, तळचा गाळ सुटतो आणि ओहोटीबरोबर समुद्रात जातो. लगूनमधली गवताळ खाजणे गेल्या शंभर वर्षांत निम्म्याहूनही कमी उरली आहेत. एकेकाळी ज्या गावाला गाळ नकोसा होता, त्याला आता गाळ पुरत नाही.

गाव उठले

२०१२च्या १३ जानेवारीला इटलीच्याच जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कॉर्दिया’ हे जहाज किनाऱ्याच्या फार जवळून जाताना खडकावर आपटून कलंडले. ३२ माणसे गेली. मग सरकारला जाग आली. त्याच मार्चमध्ये हुकूम निघाला, की चाळीस हजार टनांहून मोठ्या जहाजांनी संत मार्कसमोरून जाऊ नये. (टन हे इथे वजन नव्हे. जहाजाच्या आतल्या जागेचे ते माप आहे.) पण हुकुमाला शेपूट होते. दुसरी वाट तयार होईपर्यंत जुनी वाट चालू राहील! दुसरी वाट काही तयार होईना आणि जहाजे काही थांबेनात.

मग गावकऱ्यांनी ‘मोठी जहाजे नकोत’ अशा नावाची समिती केली. नावेत बसून, झेंडे लावून ते जहाजांच्या वाटेत जात. २०१७च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच मतपेट्या ठेवून कौल घेतला. सरकारी मान्यता नव्हती, तरी सुमारे अठरा हजार लोकांनी मत दिले आणि जवळजवळ सगळ्यांनी जहाजे लगूनबाहेर घालवा असेच सांगितले.

२ जून २०१९च्या सकाळी व्हायचे ते झाले. पावणेतीनशे मीटर लांबीचे ‘एमएससी ऑपेरा’ हे जहाज ज्युदेक्का कालव्यात ताब्याबाहेर गेले. ओढणाऱ्या बोटींचा दोर तुटला. जहाज भोंगा वाजवत धक्क्यावर आणि तिथे उभ्या असलेल्या प्रवासी बोटीवर जाऊन आदळले. धक्क्यावरची माणसे जीव घेऊन पळाली. चार-पाच जण जखमी झाले, एवढ्यावर निभावले.

यात दुसरीही बाजू आहे, आणि ती शेतकऱ्याने तरी विसरू नये. ती पोटाची बाजू. हमाल, दोर बांधणारे, सामान पुरवणारे, वाट दाखवणारे, अशी कितीतरी कुटुंबे बंदरावर जगतात. ५ जून २०२१ रोजी, करोनानंतरचे पहिले मोठे जहाज सुटले, तेव्हा एका बाजूला विरोधकांच्या नावा होत्या आणि दुसऱ्या बाजूला बंदरावरचे कामगार जहाजाच्या बाजूने घोषणा देत होते. दोघेही त्याच गावचे. भांडण जहाजाच्या मालकाशी, आणि मारामारी शेजाऱ्यांत, असे बहुतेक ठिकाणी होते.

अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांहून मोठ्या, किंवा १८० मीटरांहून लांब, किंवा पाण्यावर ३५ मीटरांहून उंच असणाऱ्या जहाजांना संत मार्कसमोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. फळ दिसले. ब्रुसेल्सच्या ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २०१९च्या मानाने २०२२ साली व्हेनिसमधले पर्यटक-जहाजांचे गंधकाचे प्रदूषण ऐंशी टक्क्यांनी उतरले. युरोपातल्या अशा बंदरांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेले व्हेनिस एकेचाळिसाव्या क्रमांकावर गेले.

मग जहाजे गेली कुठे?

इथे गोष्ट संपवता आली असती. पण शेतकरी माणूस विचारतोच, की माझ्या बांधावरून वळवलेले पाणी कोणाच्या शेतात गेले? जहाजे काही बुडाली नाहीत. काही त्रिएस्ते, मोनफाल्कोने, राव्हेन्ना या दुसऱ्या बंदरांना गेली. काही मार्गेरा इथे येऊ लागली.

मार्गेरा म्हणजे लगूनच्या जमिनीकडच्या काठावरची कारखान्यांची वसाहत. १९१७ पासून तिथे कारखाने उभे राहिले. प्लास्टिक करण्यासाठी लागणाऱ्या व्हिनाइल क्लोराइड वायूने तिथल्या अनेक कामगारांना यकृताचा कॅन्सर झाला. गाब्रिएले बोर्तोलोत्सो नावाच्या एका कामगाराने आपल्या आजारी आणि मृत सोबत्यांची टिपणे चिकाटीने गोळा केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये खटला उभा राहिला. पहिल्या कोर्टात सारे सुटले. वरच्या कोर्टात २००४ साली काही अधिकारी दोषी ठरले.

अशा ठिकाणच्या हवेत आता जहाजांच्या धुराची भर. मार्गेरा आणि मेस्त्रे मिळून व्हेनिसच्या कितीतरी पट वस्ती आहे. जुन्या शहरातली घरे महाग होऊन पाहुण्यांच्या मुक्कामाला गेली, तेव्हा गावकरी राहायला आले ते इकडेच. रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत जुन्या शहराची लोकसंख्या दाखवणारा आकडा २००८ पासून लावलेला आहे. १९५१ साली ती पावणेदोन लाख होती. २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. म्हणजे पाहा, देवळासमोरून हटवलेला धूर शेवटी त्याच गावच्या माणसांच्या नाकात गेला. फक्त ती माणसे आता कोणी फोटो काढत नाही अशा ठिकाणी राहतात.

याला उपाय नाही असे नाही. जहाज धक्क्याला लागले, की त्याची जनित्रे बंद करायला लावून किनाऱ्यावरून जाड तारेने वीज द्यायची. अलास्कातल्या जुनो बंदरात २००१ सालापासून असे करतात. युरोपच्या मोठ्या बंदरांत २०३० पासून मोठ्या प्रवासी जहाजांना हे सक्तीचे होणार आहे. दुसरा उपाय म्हणजे मोजून घेणे. जुनोने जहाज कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचे ठरवले. पंगतीत किती पाने मांडायची, ते यजमानाने ठरवायचे असते.

आपल्या किनाऱ्यावर

आता तुम्ही म्हणाल, व्हेनिस राहिले सातासमुद्रांपलीकडे, आम्हांला त्याचे काय? तर मंडळी, ही जहाजे आपल्याकडेही येतात. मुंबईच्या बॅलार्ड पियरला येतात, गोव्याच्या मुरगाव बंदराला येतात. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबईतूनच ‘क्रूझ भारत’ ही मोहीम सुरू केली. अशा जहाजांतून फिरणाऱ्यांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करावी, असा तिचा बेत आहे. त्यात वाईट काही नाही. बंदरावर काम निघेल, टॅक्सीवाल्याला भाडे मिळेल, भाजीवाल्याची टोपली खपेल. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी मुले या जहाजांवर आचारी, वाढपी, खलाशी म्हणून नोकरीला आहेत. त्यांच्या पाठवलेल्या पैशांवर घरांवर कौले चढली आहेत, बहिणींची लग्ने झाली आहेत. जहाजच नको असे म्हणायला आपली जीभ रेटणार नाही, आणि रेटू नयेही.

पण पाहुणा येण्याआधी घरात चार गोष्टी ठरवायच्या असतात. जहाज धक्क्याला लागल्यावर त्याला किनाऱ्यावरून वीज मिळणार, की ते दिवसभर तेल जाळणार? त्याच्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी कोण घेणार, आणि ते खाडीत सोडले गेले तर कोळ्याने दाद कोणाकडे मागायची? एका दिवशी किती जहाजे? बंदराशेजारच्या वस्तीत हवा मोजण्याचे यंत्र आहे का, आणि त्याचे आकडे शाळेच्या फळ्यावर लागतात का? हे प्रश्न धक्का बांधण्याआधी विचारले तर स्वस्तात सुटतात. व्हेनिसला ते २०१२ पासून २०२१ पर्यंत झगडून सोडवावे लागले, आणि अर्धेच सुटले.

तुमचे गाव किनाऱ्यापासून दोनशे मैल आत असेल, तरी हे प्रश्न तुमचेही आहेत. जहाजाच्या जागी साखर कारखान्याची मळी घ्या, दगडाची खाण घ्या, नाहीतर रस्त्याकडेचा डांबर-प्रकल्प घ्या. कोणीतरी पैसे मिळवून संध्याकाळी निघून जातो आणि ती हवा, ते पाणी गावाच्या वाट्याला येते. ग्रामसभेत उठून हिशेब मागायला मोठे शिक्षण लागत नाही.

परतीच्या गाडीत बसण्याआधी पुन्हा एकदा त्या सालुते देवळाच्या पायऱ्यांवर थोडे टेकू या. समोरचा कालवा आता मोकळा आहे. भाज्यांनी भरलेली एखादी नाव जाते, शाळेतली मुले बोटीतून उतरतात. पश्चिमेकडे, लगूनच्या काठावर, मार्गेराची धुराडी दिसतात. देवळात आरोग्याचा नवस फेडून झाला तरी त्या धुराड्यांकडे लक्ष ठेवावेच लागते, हे व्हेनिसच्या लोकांना आता पुरते कळले आहे.